पेगार म्हणजे धरणं

माझी बहीण पंकजा स्पॅनिश शिकली त्याचं गावात कुणाला कौतुक वाटलं नाही. नर्स झाली असती तर बायांनी घरी येऊन बीपी तपासून घेतलं असतं, फौजदार झाली असती तर चौकात फ्लेक्स लागला असता. स्पॅनिशचं काय करायचं, हेच कुणाला कळेना. पुण्यात ती एका कंपनीसाठी भाषांतराचं काम करत होती, स्वतःच्या पायावर उभी होती, तरी बाया आमच्या आईला विचारायच्या, "मंग पंकीला नोकरी कवा लागायची?" आईसुद्धा "लागंल की," म्हणून मोकळी व्हायची.

मग मागच्या वर्षी आप्पासाहेबांच्या डाळिंबाच्या बागेत स्पेनचा पाहुणा यायचं ठरलं आणि पंकजा एका दिवसात गावाची लेक झाली.

आप्पासाहेब म्हणजे पारनेर तालुक्यातल्या आमच्या गावचं मोठं प्रस्थ. डोंगराच्या पायथ्याला त्यांची बाग, बागेला लागून पॅकहाऊस, तिथून माल थेट परदेशात. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडे कामाला आणि उरलेली निम्मी त्यांच्या ओळखीने कुठे ना कुठे चिकटलेली. आमचे वडील, अण्णा, आणि ते शाळेत एका बाकावर बसायचे. त्या बाकाची आठवण आप्पांना काही काम निघालं की यायची. माझं पारनेरला ठिबकच्या सामानाचं दुकान आहे आणि आप्पा हे माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक, हेही आधीच सांगून टाकतो. मी अगदी तटस्थपणे सांगतोय असा कुणाचा गैरसमज व्हायला नको.

पाहुण्याचं नाव रामिरो. स्पेनमध्ये जिकडे डाळिंब पिकतं तिकडचा तो माणूस, छाटणी शिकवायला येणार होता. इंग्रजी त्याला आमच्या अण्णांइतकंच येत होतं. आप्पांनी अण्णांना फोन केला, बाकाची आठवण निघाली, आणि पंकजा सुट्टी टाकून गावी आली.

गावात पाहुण्याला ठेवण्याजोगं हॉटेल नाही, म्हणून त्याची सोय केडगावला केली होती. पहिल्या दिवशी त्याला आणायला आम्ही चौघं निघालो. आप्पांचा मुलगा अमृत गाडी चालवत होता, शेजारी आप्पा, मागे मी आणि पंकजा. आप्पा खुशीत होते. काही वर्षांपूर्वी ते साखर कारखानदारांबरोबर अभ्यास दौऱ्यावर ब्राझीलला जाऊन आले होते. तिथे त्यांनी काय अभ्यास केला ते कुणालाच माहीत नाही, पण तिथल्या बीचवरचा सफारीतला फोटो पॅकहाऊसच्या ऑफिसात लावलेला आहे. तेव्हापासून परदेशाचा विषय निघाला की गाडी ब्राझीलवरून गेल्याशिवाय राहत नाही.

"ब्राझीलची बी हीच भाषा ना गं पंकजा?" त्यांनी विचारलं.

"नाही आप्पा. तिथे पोर्तुगीज. दोन्ही भाषा सख्ख्या बहिणींसारख्या आहेत, पण फसायला होतं. शब्द तोच, अर्थ निराळा." पंकजाला कुणी तिच्या विषयातलं विचारलं की ती अशी खुलते. मग थांबत नाही. "आता पेगार हा शब्द घ्या. स्पॅनिशमध्ये पेगार म्हणजे मारणं. चिकटवणं हासुद्धा त्याचा अर्थ आहे. आणि ब्राझीलमध्ये पेगार म्हणजे धरणं, घेणं, पकडणं. बससुद्धा पेगार करतात तिथे."

आप्पांना हे भलतंच आवडलं. "म्हंजे ब्राझीलात पोराला पेगार केलं तर त्ये कडंवर बसंल, आन् स्पेनात पेगार केलं तर भोकाड पसरंल!" ते पोट धरून हसले. अमृत हसला, मीही हसलो. आप्पांच्या विनोदाला हसायची आम्हाला सवयच आहे.

पुढचे काही दिवस छान गेले. रामिरो साधा माणूस, पन्नाशीचा, डोक्यावर गवती टोपी, सकाळी बागेत शिरला की दुपारच्या जेवणालाच बाहेर. तो बोलायचा, पंकजा सांगायची, आणि छाटणीवरच्या बाया आणि गडी ऐकायचे. पंकजा आपल्या बागेतल्या शब्दांत सांगायची, त्यामुळे बायांना ती आवडू लागली. आप्पांचा सालगडी वाल्मिक तर पाहुण्याच्या मागेमागेच असायचा. वाल्मिकचं बिऱ्हाड बागेतल्याच खोलीत. बायको पूजा पॅकहाऊसमध्ये, दोन लेकरं, थोरलं गावच्या शाळेत, धाकटं अंगणवाडीत. गुढीपाडव्याला साल ठरायचं आणि पुढचा पाडवा येईपर्यंत तो आप्पांचा. असे कितीतरी पाडवे गेले होते.

अमृतला मात्र हा पाहुणा पहिल्यापासून खटकत होता. बाग अमृत बघायचा, आणि आता कुणीतरी गोरा येऊन त्याच्या गड्यांना सांगत होता की आजवर केलेली छाटणी चुकीची. चारचौघांत आपली चूक निघालेली आमच्याकडे कुणाला सोसत नाही. अमृतला तर त्याच्या बापानेही कधी ती दाखवली नव्हती.

त्या दिवशी विहिरीकडच्या ओळींवरून झालं. त्या ओळींना हात लावायचा नाही असं अमृत सकाळी सांगून गेला होता. रामिरोने झाडं पाहिली आणि म्हणाला, हीच आधी मोकळी करा. पंकजाने ते मराठीत सांगितलं. वाल्मिकने कात्री लावली. अमृत परत आला तेव्हा अर्धी ओळ कापून झाली होती.

पंकजा तेव्हा गाडीतून रामिरोची पाण्याची बाटली आणायला गेली होती. तिने आवाज ऐकला, पाठोपाठ रामिरोचं ओरडणं ऐकलं आणि ती धावत आली. वाल्मिक खाली बसला होता, डावा कान हाताने दाबून. बोटांच्या फटीतून रक्त येत होतं. अमृत बाजूला उभा राहून फोनवर बोलत असल्याचं दाखवत होता. आणि रामिरो लालबुंद होऊन सगळ्या बायांसमोर एकच ओरडत होता, "ले पेगो! ले पेगो!" आणि आपलाच तळहात आपल्याच गालावर मारून दाखवत होता.

"काय म्हनतोय गं?" एका बाईने विचारलं. तिने सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं, तरी विचारलं.

"अमृतदादांनी वाल्मिकला मारलं, असं म्हणतोय," पंकजाने सांगितलं. बाया माना खाली घालून छाटलेल्या फांद्या गोळा करू लागल्या.

वाल्मिकला पारनेरच्या दवाखान्यात अमृतच घेऊन गेला. डॉक्टरांनी कसं लागलं विचारलं तेव्हा अमृतने "पडला" असं सांगितलं, आणि वाल्मिक काही बोलला नाही. कानाचा पडदा फाटला होता. डाव्या कानाने आता ऐकू येणार नाही, असं नंतर नगरच्या डॉक्टरांनीही सांगितलं.

गावात बातमी पसरायला काय लागतं? संध्याकाळी मारुतीच्या पारावर पोरं एकमेकांच्या गालावर चापट्या मारत "पेगो! पेगो!" ओरडत होती. म्हातारी माणसं हसत होती. त्या संध्याकाळी आमच्या गावात सहा वर्षांच्या पोराला विचारलं असतं तरी त्याने पेगो म्हणजे काय ते करून दाखवलं असतं. हे मी मुद्दाम सांगतोय.

दुसऱ्या दिवशी दोन गोष्टी झाल्या. रामिरोचा मुक्काम अजून बाकी होता, पण सकाळीच त्याला केडगावहून परस्पर पुण्याच्या विमानतळावर पोचवण्यात आलं. आणि वाल्मिकचा थोरला भाऊ कानिफनाथ सुप्याच्या एमआयडीसीतली ड्युटी सोडून गावात आला. कानिफनाथ कुणाच्या बांधाला बांधलेला नाही, त्यामुळे त्याचा आवाज चढा असतो. तो पारावर उभा राहून म्हणाला, "उद्या पोलीस ठेसनात जातो. गोऱ्या पाव्हन्यानं बघितलंय. पंकजाताईनं सांगितलंय. आता बघतोच."

असं काही झालं की आमच्या गावात लगेच एक शब्द फिरू लागतो, मिटवा. भांडणाचं कारण काय, चूक कुणाची, ते मागाहून, कधी जमलं तर. आधी मिटवा. ठाण्यात गेलं की गावाची अब्रू जाते म्हणे. माणसाचा कान गेला तर ती जात नाही. त्याच दुपारी खंडोबाच्या सभामंडपात बैठक ठरली.

बैठकीच्या आधी अण्णांनी पंकजाला आत बोलावलं. "हे बघ, तू काय डोळ्यांनी बघितलेलं न्हाई. तुला इच्यारलं तर तेवढं सांग. मला काय ठावं न्हाई म्हन आन् गप बस."

"मी बघितलं नाही, पण तो काय म्हणाला ते मला माहितीये ना अण्णा."

"तो गेला. तुला हितं ऱ्हायचंय का? न्हाई. आमाला ऱ्हायचंय."

ती माझ्याकडे बघू लागली. मी म्हणालो, "रामिरोला फोन लाव. तोच बोलला तर तुझ्यावरचं ओझं उतरेल." हे मी तिच्या भल्यासाठी म्हणालो, की माझ्या दुकानाच्या, ते तुम्हीच ठरवा. तिने फोन केला, त्याने उचलला नाही. थोड्या वेळाने त्याचा मेसेज आला. त्याला इकडे पाठवणाऱ्या कंपनीने यात पडायचं नाही म्हणून बजावलं होतं. शेवटी त्याने लिहिलं होतं, तू खरं काय ते सांग, माझा तुझ्यावर विश्वास आहे. विमानात बसलेल्या माणसाला विश्वास ठेवायला काय जातंय? मला त्याचा संताप आला. पंकजाने मात्र तो मेसेज दोनदा वाचला आणि ती उठली.

सभामंडपात माणूस मावत नव्हता. एका बाजूला आप्पा, अमृत, पोलीस पाटील, अण्णा. समोर कानिफनाथ आणि त्याच्याआड वाल्मिक, डोक्याला रुमाल बांधलेला. बायका खांबांच्या मागे. पूजा अगदी पायरीशी, धाकट्या लेकराला मांडीवर घेऊन.

आप्पा शांतपणे बोलायला लागले. त्यांचा आवाज कधी चढत नाही, तशी गरजही पडत नाही. वाल्मिक आपल्या घरातला माणूस आहे, त्याचा सगळा दवाखाना आपण बघू, असं त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, झालं ते एवढंच की बागेतल्या ओल्या जागेत त्याचा पाय घसरला, अमृतने धावत जाऊन त्याला धरलं, आणि धरताना ठिबकच्या व्हॉल्व्हचा पाइप कानाला लागला. "आता ऱ्हायला पाव्हना. तो काय म्हनाला? पेगो म्हनाला. बरं. पंकजा, म्होरं ये बाळा. तू शिकलेली हायेस. सगळ्यांच्या देखत सांग, ब्राझीलमधी पेगार म्हंजी काय?"

मला त्या क्षणी कळलं काय चाललंय ते. पंकजालाही कळलं. पण प्रश्नाचं खरं उत्तर तिला माहीत होतं, आणि खोटं बोलायला ती आली नव्हती.

"धरणं," ती म्हणाली. "पण आप्पा, रामिरो ब्राझीलचा नाही. तो स्पेनचा आहे. तिकडे पेगार म्हणजे मारणं. हे तुम्हाला मीच सांगितलंय. गाडीत सांगितलंय."

"तूच म्हनालीस ना, दोन्ही भाषा सख्ख्या बहिनी?"

"म्हणाले, पण..."

"मंग बहिनीच्या घरचा शब्द बहिनीच्या घरी येत नसंल का? मी सोता ब्राझीलला जाऊन आल्तो. तिकडं सगळी येकमेकांत मिसळून बोलत्यात." आप्पांनी सगळीकडे नजर फिरवली. "म्हंजी शब्दाचे अर्थ दोन हायेत. पोरगी खरं बोलती. तिला दोस न्हाई."

"दोन अर्थ हायेत म्हंजी," कुणीतरी मागून म्हणालं. "व्हय व्हय, दोन हायेत," आणखी कुणी. कालच ज्यांची नातवंडं पारावर एकमेकांना चापट्या मारत होती, त्याच म्हाताऱ्यांनी डोळे मिटून माना डोलावल्या. एका तासात सगळं गाव पोर्तुगीज शिकलं. इतक्या लवकर आमच्या गावात आजवर कुणी काही शिकलेलं नाही.

"अहो, त्याने गालावर हात मारून दाखवला!" पंकजाचा आवाज चिरकला. "इतक्या बाया होत्या तिथे. बोला की कुणीतरी!"

खांबांमागे बांगड्यासुद्धा वाजल्या नाहीत. पोलीस पाटील म्हणाले, "गोऱ्यांचे हातवारे आपल्याला काय कळनार ताई."

इथे ती थांबली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हाही वाटलं. पण पंकजा हरायला लागली की तिला थांबता येत नाही. आणि तिच्याकडे एक शेवटचं हत्यार होतं, जे पुण्याचं नव्हतं, आमच्या घरचंच होतं. लहानपणी मी तिचं काही लपवलं आणि कबूल झालो नाही, की ती देवघरातून भंडाऱ्याची डबी आणून माझ्यासमोर धरायची. म्हणायची, उचल आणि सांग. मी कधीच उचलू शकलो नाही. भंडाऱ्यावर हात ठेवून खोटं बोललेला माणूस आम्ही दोघांनी तरी पाहिलेला नव्हता. तिचा त्यावर तिच्या डिग्रीपेक्षा जास्त विश्वास होता.

"शब्दाचं राहू द्या," ती म्हणाली. "वाल्मिक इथेच आहे. त्याला बेल-भंडारा उचलू द्या आणि त्यालाच विचारा. तो म्हणेल ते मी ऐकीन."

आप्पांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं. अण्णांनी कपाळाला हात लावला. कानिफनाथ मात्र ताठ झाला. "बरूबर हाय! उचलू द्या!" तो ओरडला. त्यालाही वाटलं की आता जिंकलो.

मी चुकून पूजाकडे पाहिलं. ती पंकजाकडे बघत होती, आणि लेकराला तिने इतकं घट्ट धरलं होतं की ते रडायला लागलं.

आप्पांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "उचलू द्या. देवाम्होरं कुनाला न्हाई म्हननार?" आणि ते वाल्मिककडे बघत राहिले. रागाने नाही. पाडव्याला साल ठरवताना बघतात तसंच, नेहमीसारखं.

पोलीस पाटलांनी हाक मारली, ती वाल्मिकला ऐकूच गेली नाही. ते उठून त्याच्या डाव्या बाजूला आले होते. कानिफनाथने खांद्याला हात लावला तेव्हा तो उठला. गुरवबाबांनी ताट आणलं. भंडाऱ्याची रास, वर बेलाचं पान. वाल्मिकने तांब्याने हात धुतले, रुमाल सोडला, कानातला कापूस नीट केला. मग त्याने दोन्ही हातांनी भंडारा उचलला. बोटांच्या फटीतून पिवळी भुकटी पांढऱ्या सदऱ्यावर सांडत होती.

"अमृतदादांनी मला मारलं न्हाई," तो म्हणाला. "माझा पाय घसरला हुता. त्येंनी मला धरलं."

आपलं बोलणं पोचलं नाही असं त्याला वाटलं असावं. ज्यांना कमी ऐकू येतं ती माणसं बोलतात तसं तो मोठ्याने, जवळजवळ ओरडून म्हणाला, "धरलं!"

"येळकोट येळकोट!" आप्पा म्हणाले. "जय मल्हार!" सगळे म्हणाले. मीही म्हणालो. तोंडातून आपोआपच निघतं ते.

कानिफनाथ उठला, चपला हातात घेतल्या आणि भावाकडे न बघता निघून गेला. त्याने त्यानंतर वाल्मिकशी बोलणं टाकलं ते आजतागायत. एवढ्यावर संपलं असतं तरी पुरे होतं, पण आप्पांना गोड शेवट लागतो. त्यांनी आधीच शाल-श्रीफळ आणून ठेवलं होतं, कुणासाठी ते मला आता कळलं. "पंकजाच्या शिक्षणाचा आज गावाला उपेग झाला," ते म्हणाले. "तिनं दोन भाषांमदला फरक उलगडून सांगितला म्हनून गैरसमज मिटला. टाळ्या वाजवा." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शाल तिच्या खांद्यावर पडली तेव्हा ती नुसती उभी होती. नारळ अण्णांनी घेतला.

घरी आल्यावर तिने शाल खुंटीला अडकवली. संध्याकाळी आईने ताट वाढलं तेव्हा एवढंच म्हणाली, "देवासमोर खोटं कसं बोलला तो, दादा?" तिला आप्पांचा राग आला नव्हता इतका वाल्मिकचा आला होता. मला तेव्हा तिचा फार राग आला. मी म्हणालो, "तू त्याला तिथे उभंच कशाला केलंस?" ती म्हणाली, "मग दुसरं काय करायला पाहिजे होतं?" मी ताट जवळ ओढलं आणि जेवू लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने ती पुण्याला गेली.

आप्पांनी शब्द पाळला. वाल्मिकचा दवाखाना केला. अमृत बागेतच आहे. विहिरीकडच्या ओळी रामिरोने सांगितल्या तशाच छाटल्या गेल्या, आणि त्यांना बहार भरपूर आला.

पुढे चंपाषष्ठीला पंकजा पुन्हा गावी आली. यायचं नाही म्हणत होती, आईने बोलावून घेतलं. देवळात नेहमीसारखी गर्दी, भरीत-रोडग्यांचा वास, भंडाऱ्याने पिवळीजर्द झालेली माणसं. दर्शन घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा देवळाच्या आवाराबाहेर, रस्त्याच्या पलीकडे, कडुलिंबाखाली वाल्मिक उभा दिसला. शेजारी पूजा. लेकरं आत कुणाबरोबर तरी पाठवली होती. सगळ्या गावाच्या अंगावर भंडारा होता, आणि या दोघांचे कपडे धुतल्यासारखे कोरे होते.

मला आईने सांगितलं होतं. त्या बैठकीनंतर वाल्मिक देवळात गेला नव्हता. घरातले देवांचे टाकसुद्धा त्याने पूजाच्या माहेरी नेऊन ठेवले होते. खोटा भंडारा उचललेल्या हाताने देवाला शिवायचं नाही, एवढंच तो म्हणाला म्हणे. गावात त्यावर कुणी बोलत नाही. पण कुणाची गाय आटली किंवा कुणाचं पोर आजारी पडलं, की बाया वाल्मिकच्या खोलीकडे बघतात. शब्दाचे दोन अर्थ ज्यांनी मान्य केले, त्यांनीच त्या भंडाऱ्याचा मात्र एकच अर्थ धरला.

पंकजाला मी हे सांगितलं नव्हतं. ती चिमटीत भंडारा घेऊन सरळ रस्ता ओलांडून गेली. मी मागे धावलो. तिने त्याच्या कपाळाला लावायला हात वर केला, तसा वाल्मिक दचकून एक पाऊल मागे सरला. पूजा मध्ये आली.

"नका, ताई."

"अगं, प्रसादच आहे."

"म्हनूनच नका."

पंकजाने चिमूट मिटून हात खाली घेतला. मग हळू आवाजात म्हणाली, "पूजा, मला वाटलं होतं भंडाऱ्यावर ते खरंच बोलतील. म्हणून मी..."

"आन् खरं बोलले अस्ते तर?" पूजा म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "त्या सांजच्याला लेकरं घिऊन आमी कुठं गेलो अस्तो? त्ये तुमाला वाटलं न्हाई. मार खाऊन गप बसनं आमाला नवं न्हवतं, ताई. गप बसलो अस्तो. देव तरी आमचा ऱ्हायला अस्ता. अमृतदादानं कान नेला. देव तुमी नेला."

वाल्मिक दोघींच्या तोंडाकडे बघत होता. देवळातल्या गलक्यात त्याला काहीच ऐकू आलेलं नव्हतं. त्याने उजवा कान पुढे करून बायकोला विचारलं, "काय म्हनत्यात ताई?"

"काय न्हाई," पूजा त्याच्या कानाशी मोठ्याने म्हणाली. "इच्यारत्यात, कान कसा हाय."

वाल्मिकचा चेहरा उजळला. कुणीतरी विचारलं याचंच त्याला बरं वाटलं असावं. तो पंकजाकडे बघून हसला आणि सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाला, "बरा हाय, ताई! आता लई बरा हाय!"